घोषणा मंडळ, नववी ब

फलकावर मंडळांची यादी लागली
तेव्हा चांगली नावं भरून गेली होती.
विज्ञान मंडळात डॉक्टरांची मुलं,
भित्तिपत्रकात सुबक अक्षरवाली,
हरित सेनेत ती,
ज्यांच्या नळाला चार दिवसांआड का होईना
दाबानं पाणी यायचं.
उरलो आम्ही अकरा.
बिराजदार बाईंनी चष्मा पुसला,
यादीच्या तळाशी पेनानं लिहिलं : घोषणा मंडळ.
म्हणाल्या, कबड्डीची पोरं खेळतील, तुम्ही ओरडा.

ओरडणं आम्हाला शिकवावं लागलं नाही.
आमच्या गल्लीत 'जेवलास का' हेसुद्धा
मागाच्या वरून ओरडून विचारतात.
रुखसार बागवानचा गळा मंडईत तयार झालेला.
सिद्राम कन्नडमध्ये शिट्टी वाजवायचा,
निदान त्याचं म्हणणं तसं होतं.
आणि अंबादास येमूल.
त्याचं 'हजर' ह वरच अडायचं,
ह, ह, ह,
तोवर सर पुढच्या नावावर.
वर्गात बसून त्यानं अर्धं वर्ष गैरहजेरी भरली.
त्याला आम्ही लिहायला बसवलं.

त्यानं 'जिंकणार कोण' लिहिलं नाही.
वहीच्या मागच्या पानावर एवढंच :

उभा, आड, धाऽगा
ओढ, ओढ, गाऽठ

दोन आखूड, एक लांब, मग रिकामी जागा.
रिकाम्या जागेवर त्यानं टिंब दिलं होतं.
इथं काय म्हणायचं, मी विचारलं.
त्यानं नुसती छाती फुगवून दाखवली.

कपाळाला बांधायला चादरीच्या कापलेल्या पट्ट्या.
मोराची चादर होती ती.
रुखसारच्या वाट्याला मान आली, तुरा आला,
माझ्या कपाळावर मोराचे पाय.

पार्क मैदानावर समोरच्या शाळेचं बँडपथक,
पांढरे मोजे, दोन बिगुल.
आमच्याकडे पत्र्याचा डबा.
पहिल्या डावात आम्हाला कुणी बघितलंही नाही.
दुसऱ्या डावात
शेंगावाल्यानं गाड्यावर माप आपटलं,
दोन आखूड, एक लांब,
आणि थांबला, बरोबर जिथं थांबायचं तिथं.
मग कुंपणापलीकडून विड्यांची सुपं घेऊन चाललेल्या बायका,
मग रिक्षांचे भोंगे.
सगळं मैदान एकदम श्वास घ्यायचं,
त्या टिंबावर
बिगुलवाल्यांचेही गाल रिकामे.

माझ्या शेजारी अंबादास होता.
ओढ, ओढ, गाऽठ.
आख्खं. एकही अक्षर अडकलं नाही.
मी बघतेय हे कळल्यावर त्यानं तोंड मिटलं.

नऊ गुणांनी हरलो.
दुसऱ्या दिवशी हजेरीला
ह, ह, ह,
आणि सर पुढच्या नावावर.

मे महिन्यात पट्टी परत द्यायला त्याच्या घरी गेले.
पुढच्या खोलीत दोन माग, मागच्या खोलीत माणसं.
बाहेर चव्वेचाळीस, आत कापसाचं भुसकट,
आणि भिंतीकडचा तो म्हातारा माग :
खट, खट, खटाऽक्
आणि काहीच नाही.
चाकाचा एक दात तुटलेला.
वडील ओरडून म्हणाले,
नवीन चाकाला पैसे पाहिजेत, चालतोय तोवर चालतोय.
अंबादास तुटलेला धागा जोडत होता,
मागं न बघता,
माग अडायचा नेमक्या त्या क्षणात बोटं आत घालून.
मी पट्टी खुंटीला अडकवली आणि आले.

आता तिथं टू-व्हीलरचं गॅरेज आहे.
अंबादास भिवंडीला गेला म्हणतात,
कुणी म्हणतं सुरतेला.
शाळेच्या यादीत रोबोटिक्स मंडळ आहे, छान आहे.
मी पतसंस्थेत कॅशला बसते.
नोटा मोजताना तीन झाल्या
की माझा अंगठा थांबतो,
रांगेतला माणूस वर बघतो.
साहेब म्हणतात, मॅडम, मशीन वापरा ना.
वापरीन म्हणते.